पट्टी म्हणाली, पाणी नॉर्मल

माझ्या सुनेनं महिन्यातले चार दिवस घरामागच्या खोलीत बसायचं की नाही, हे आमच्याकडे माशांच्या टाकीवरून ठरणार होतं. हे लिहितानाही मला राग येतो.

आलापल्लीच्या त्या घरात आम्ही चौघं. मी, निवृत्त आरोग्यसेविका. माझा मुलगा, वनखात्यात कारकून, बीएस्सी शिकलेला. त्याची नवीन बायको. आणि माझ्या मोठ्या नणंदबाई, ज्यांना मी नुसतं बाई म्हणते. विधवा, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. माझे यजमान गेले तरी बाई आमच्याकडेच राहिल्या आणि घर त्यांच्याच शिस्तीनं चालत राहिलं. बाई वाईट नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्या तोंडून काय निघेल त्याचा नेम नाही.

सून माजरीकडची, कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेली. लग्नात तिनं हट्टानं एकच वस्तू आणली. तीन फुटी काचेची टाकी आणि सात गोल्डफिश. टाकी रजईत गुंडाळून टेंपोत, आणि मासे पाण्याच्या पिशव्यांत तिच्या मांडीवर. सगळ्यात मोठा मासा तिनं कॉलेजात असताना घेतलेला, पंजाएवढा झालेला. पुढच्या खोलीत टाकी मांडली. ती सकाळी दाणे टाकायला गेली की सातही वर यायचे आणि मी चहाचा कप घेऊन बघत बसायची. खोटं कशाला बोलू, मलाही त्यांची सवय लागली होती.

आता आमच्या घरची रीत. पाळी आली की घरातल्या बायकांनी देवघर आणि स्वयंपाकघर सोडून बाजूला बसायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग घर धुवून काढायचं. ही रीत मी कधी मोडली नाही. भामरागडकडच्या गावांत माझी निम्मी नोकरी गेली. तिकडे पाळीतल्या बायांसाठी गावाच्या कडेला वेगळी झोपडी असते, कुर्माघर म्हणतात. तिथल्या पंचांसमोर उभी राहून मी बोलले आहे, की झोपडीला धड छप्पर द्या, दिवा द्या, बायांना थंडीत जमिनीवर झोपवू नका. आणि स्वतःच्या घरी येऊन मूग गिळून बसले आहे. लोकाले सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बाईंनी पाहिलं, की सून पाळीत असताना टाकीत दाणे टाकून राह्यली. टाकी बाटली. पाचव्या दिवशी घराबरोबर टाकीही धुवायची ठरली. माझ्या मुलानं सगळं पाणी अंगणात ओतलं, तळाचे गोटे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला, नळाचं ताजं पाणी भरलं. बाईंनी घरभर गोमूत्र शिंपडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे पोट वर करून तरंगत होते.

दुसऱ्या महिन्यात सगळं पुन्हा तसंच झालं. पाचवा दिवस, धुणं, आणि तिसऱ्या सकाळी दोन मासे. बाई ओट्यावर बसून वाती वळत होत्या. म्हणाल्या, "पोरीच्या हातानं होऊन राह्यलं हे. जिवंत वस्तू आहे, तिले सोसत नाई."

मी मुलाकडे पाहिलं. वाटलं, हा शिकलेला आहे, हा काहीतरी बोलेल. तर तो उठला आणि कपाटातून एक डबी घेऊन आला. इंटरनेटवरून मागवलेल्या पट्ट्या होत्या त्या. प्लास्टिकची बोटभर पट्टी, तिच्यावर रंगाचे सहा चौकोन. पाण्यात बुडवायची, मिनिटभर थांबायचं आणि डबीवरच्या रंगांशी जुळवायचं. त्यानं जुळवलं. मग आरओ मशीनवाल्यानं दिलेलं टीडीएसचं पेन बुडवलं. आकडा आला दोनशे चाळीस.

"पाणी नॉर्मल आहे," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला आणि पट्टी कचऱ्यात टाकून ऑफिसला गेला. पुढचं वाक्य त्यानं उच्चारलं नाही, पण घरात सगळ्यांना ऐकू आलं. पाणी चांगलं असेल तर वाईट काय आहे? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंचं मी समजू शकते, त्यांना त्यांच्या आईनं जे सांगितलं ते त्या सांगतात. पण या पोराला मी भाड्याच्या खोलीत राहून, डेप्युटेशनवर रात्रंदिवस पायपीट करून सायन्स शिकवलं, आणि त्याचं सायन्स बाईंच्या विटाळाला साक्षीदार म्हणून उभं राहिलं. पट्टीनं पाण्याला सोडलं आणि माझ्या सुनेला धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

नोकरीत मी आयुष्यभर विहिरींत ब्लिचिंग टाकलं, आणि पावडर पुरेशी पडली का ते पाहायला नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब सोडले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. म्हणून माझा पहिला संशय ब्लिचिंगवर. माणसाला लागतं ते माशाला चालत नाही, हे मला ठाऊक होतं. उपकेंद्रातल्या नवीन सिस्टरकडून ओटीची बाटली मागून आणली आणि सकाळी नळ सुटल्याबरोबर पाणी तपासलं. चांगलं पिवळंधम्मक. मी छाती पुढे काढून घरात जाहीर केलं, की मासे ताज्या पाण्यानं मरतात. पाणी रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाईल, एकही मासा मरणार नाही.

तिसऱ्या महिन्यात तसंच केलं. ड्रममध्ये पाणी ठेवलं, दुसऱ्या दिवशी ओटी टाकून पाहिली, पाणी पांढरंस्वच्छ. तेच टाकीत भरलं. आणि तिसऱ्या सकाळी एक मासा गेलाच. तो पंजाएवढा, सगळ्यात जुना. सुनेनं त्याला जाळीनं काढलं, जास्वंदीच्या बुडाशी पुरलं आणि हात धुतले.

"आता कोणाचं नाव घेशील?" बाईंनी मला विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं होतं माझं. बाईंनी मग हुकूम सोडला, की पुढच्या महिन्यापासून सून ते चार दिवस मागच्या खोलीत बसेल. मागची खोली म्हणजे सरपण, मोहफुलांची पोती आणि मोटारसायकलचे जुने टायर. खिडकी नाही. मी मुलाकडे वळले.

"चारच दिवसांचा प्रश्न आहे, आई," तो म्हणाला. "दोनच मासे उरले, तेही मरावे का?"

बायको खोलीत कोंडायला तयार आणि मासे मरू द्यायला नाही. त्या क्षणी तो लहान असता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं मी चंद्रपूरला गेले. बाजारातल्या गल्लीत माशांचं एक जुनं दुकान आहे, तिथल्या म्हाताऱ्या मालकासमोर मी पट्ट्यांची डबी आपटली. म्हटलं, "भाऊ, हे सगळं नॉर्मल सांगून राह्यलं अन् माझे मासे मरून राह्यले. काऊन?"

त्यानं चष्मा लावून डबी फिरवून फिरवून पाहिली. "मॅडम, याच्यावर अमोनियाचा चौकोनच नाई. मासा मरते अमोनियानं, अन् लोकं बाकीचं सगळं मोजत बसतात." मग त्यानं डबीचं झाकण हुंगलं. "हे तर पावसाळ्यात उघडंही राहिलं आहे. सर्दी झालेल्या पट्ट्या आहेत. आता कशातही बुडवा, हेच सांगतील."

मी पेनाचं विचारलं. तो हसला. म्हणाला, "पेन फक्त पाण्यात किती विरघळलं ते सांगते. काय विरघळलं ते नाई सांगत. मीठ का विष, त्याले फरक नाई."

त्यानं मला थेंबांचा किट दिला. काचेची नळी, दोन बाटल्या आणि रंगांचं कार्ड. नळीत खुणेपर्यंत पाणी, पहिल्या बाटलीचे मोजून थेंब, हलवायचं, दुसऱ्या बाटलीचे मोजून थेंब, पुन्हा हलवायचं, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबायचं. मग उजेडात, पांढऱ्या कागदापुढे धरून पाहायचं. पिवळं म्हणजे अमोनिया नाही. हिरवं म्हणजे आहे, आणि जितकं गडद तितकं वाईट. बस येईपर्यंत मी त्या बाटल्या पर्समध्ये हात घालून चाचपत होते.

घरी आल्या आल्या नळाचं पाणी तपासलं, पिवळं. टाकीचं तपासलं, हिरवी झाक. धुऊन चार दिवस झाले होते तरी हिरवी झाक. म्हणजे नळातून येत नव्हता तर अमोनिया टाकीत येत होता कुठून? थोडा माशांच्या घाणीचा, हे दुकानदारानं सांगितलंच होतं. ती घाण पचवणारे जिवाणू स्पंजात राहतात आणि आपण स्पंज नळाखाली पिळून त्यांनाच मारतो, हेही सांगितलं होतं. पण मला ते पुरेना. मी सुनेला विचारलं, टाकी धुतली की तीत अजून काय काय जातं, आठवून सांग.

"पाणी," ती म्हणाली. "अन् शेवटी आत्याबाई बुचानं टाकतात ते."

"काय टाकतात?"

"गोमूत्र. पाच बुचं. पाचव्या दिवसाचं म्हणून पाच."

घरभर शिंपडतात तसे चार शिंतोडे टाकीवरही उडत असतील असं मी धरून चालले होते. पाच बुचं मोजून पाण्यात ओततात, हे मला माहीतच नव्हतं. मी तिला विचारलं, आधी काऊन नाई सांगितलं. ती म्हणाली, "कोणाले सांगू?"

देवघरातली बाटली काढली. कित्येक महिन्यांची. बूच उघडलं तर नाकात झणका बसला, डोळ्यांत पाणी आलं. आता याच्यात अमोनिया आहे हे कळायला मला नळी लागत नव्हती. पण या घराला नळी दाखवल्याशिवाय काही खरं वाटत नाही, म्हणून मी रविवारची वाट पाहिली.

रविवारी सकाळी ओट्यावर बादली ठेवली, नळाच्या पाण्यानं भरलेली. बाई खुर्चीवर, मुलगा पायरीवर. आधी पट्टी बुडवली, नॉर्मल. पेन बुडवलं, दोनशे चाळीस. थेंब टाकले, पिवळे. मग सगळ्यांसमोर बादलीत गोमूत्राचं एक बूच ओतलं. पाच नाही, एक. ढवळलं आणि मुलाच्या हातात पट्टी दिली. म्हटलं, बुडव तू.

त्यानं बुडवली. मिनिटभर थांबला. डबीशी जुळवून पाहिली, पुन्हा जुळवली.

"वाच ना," मी म्हटलं.

"नॉर्मल," तो पुटपुटला.

पेन तीन-चार आकडे पुढे सरकलं होतं, तेवढंच. मग मी नळीत थेंब टाकले. घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले. पाणी आधी पोपटी झालं, मग कडुनिंबाच्या पानासारखं, आणि शेवटी कार्डावरचा शेवटचा रंगही त्याच्यापुढे फिका पडला. मी नळी त्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, "हे तुझं नॉर्मल पाणी. पी घोटभर." मला थांबता येत नव्हतं. तू बायकोवर आळ येऊ दिला, कशाच्या जोरावर, तर या प्लास्टिकच्या चिंधीच्या. बीएस्सी झाला अन् डबीवर काय काय छापलं आहे ते वाचलं नाई. सहा चौकोनांत सातवा नाई, हे मोजता आलं नाई तुले? तो मान खाली घालून पट्टी बोटांत फिरवत राहिला.

बाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. "तू गोमूत्राले विष म्हणते?" त्यांनी विचारलं.

"विष नाई म्हणत, बाई. माशाले सोसत नाई म्हणते. मीठ चांगलं असते, डोळ्यात घालता का?"

बाई मग शांतपणे म्हणाल्या, "बादलीतलं बादलीत राहू दे. यावेळी गोमूत्र टाकणार नाई मी, धुणारही नाई. तिनं त्या दिवसांत टाकीत हात घालावा, माझ्यासमोर. मासे जगले तर मागच्या खोलीचं नाव मी पुन्हा घेणार नाई."

"घालेल," मी म्हटलं.

सून चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिनं चहा दिला, कप उचलले आणि आत गेली. मी त्या आनंदात चहा दोनदा मागून घेतला.

मग मी कंबर कसली. स्पंज टाकीच्याच पाण्यात धुवायला सुरुवात केली, रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी एका वेळी चौथा हिस्साच बदलायचं ठेवलं. रोज थेंब टाकून वहीत लिहिलं. हिरवी झाक उतरत उतरत पिवळी झाली. आता फक्त तिची पाळी यायची बाकी होती. आणि ती नेमकी त्या महिन्यात लांबली. मी रोज सकाळी तिला विचारायची, आली का? मग बाईही विचारायला लागल्या. एक दिवस मुलानं जेवताना विचारलं. ती नाई म्हणायची आणि भाजी वाढायची.

आठवड्यानं आली. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या खोलीत बाईंची खुर्ची टाकीसमोर ठेवली, मुलाला ऑफिसला उशिरा जायला लावलं. सुनेनं बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. मी घड्याळ लावलं. पाच मिनिटं. तिनं टाकीकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली. दोन्ही मासे तिच्या बोटांशी आले, चाचपून गेले. मुलानं सुरुवातीला पाहिलं, मग मोबाइल काढला. वेळ झाल्यावर मी म्हटलं, "काढ आता." तिनं हात काढला, पुसला नाही, तशीच आत निघून गेली. फरशीवर थेंबांची रांग पडली.

पाच दिवस मी सकाळ-संध्याकाळ पाणी तपासलं. पिवळं, पिवळं, पिवळं. सहावा दिवस, सातवा, आठवा. दोन्ही मासे ठणठणीत. आठव्या दिवशी बाई टाकीजवळ आल्या, काठी टेकून वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. मी शब्द दिला होता." देवघरातली बाटली देवघरातच राहिली. बाईंनी शब्द पाळला, हे मी कबूल करते.

माझे पाय जमिनीवर नव्हते. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणा पंचांना मी जे पटवू शकले नाही, ते मी माझ्या घरात पटवलं होतं. मी शिरा केला आणि वही घेऊन सुनेकडे गेले. म्हटलं, "पाह्य, सगळं लिहून ठेवलं आहे. आता कोणी तुले काही म्हणू शकत नाई."

तिनं वही घेतली. मला वाटलं, शेवटचं पान पाहील. तिनं पहिल्यापासून वाचलं. हात घातला त्या दिवसाच्या पानावर वरती मी सवयीनं लिहिलं होतं, विहिरीचं पाणी घेताना लिहायची तसंच. तारीख. वेळ. नमुना : सून, पाळीचा दिवस दुसरा. ती त्या ओळीवर थांबली.

"अक्षर छान आहे तुमचं, आई," ती म्हणाली आणि वही परत दिली.

पुढच्या महिन्यात एका सकाळी टाकीतले मासे वर येऊन तोंडं हलवत होते आणि त्यांना दाणे कोणी टाकले नव्हते. मी तिला शोधलं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. तिनं मोहाची पोती एका बाजूला रचली होती, जागा झाडली होती, चटई आणि पाण्याची कळशी आणून ठेवली होती.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "इथी काऊन बसली? कोणी सांगितलं तुले? बाईंनी शब्द दिला आहे. मासे जगले ना तुझ्या हातानं?"

"जगले, आई," ती म्हणाली. "पण इथी मले कोणी तपासत नाई."

आणि तिनं दार आतून लावून घेतलं.